बायची कात

फोन वाजला तेव्हा मी देवरूखजवळ एका बोअरवेलमधून पंप वर काढत होतो. अर्धे पाईप बाहेर आले होते, अर्धे आत लोंबत होते. अशा वेळी हात सोडता येत नाही. सोडला तर पंप पाईपांसकट तळाला जातो. माझा जोडीदार लवू फोन बघून म्हणाला, "हरिश्चंद्राचा हाय, तुज्या मेवण्याचा." मी त्याला थांब म्हटलं. पाईप धरून ठेवणारा क्लॅम्प आवळला, हात पुसले, मग फोन घेतला.

माझी बायको सावित्री शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी क्लॅम्प आवळत होतो तेव्हा ती गेलेलीच होती. मला तेवढं माहीत नव्हतं.

सगळं आटोपून घरी आलो आणि मागच्या खोलीत गेलो. बाय आपल्या बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिच्या वाटीत पाणी घातलं. दुसरं काही सुचलं नाही.

बाय म्हणजे सावित्रीची टॅरेंटुला. तळहाताएवढी केसाळ कोळीण. शेजारच्या घरासाठी जेसीबीने जांभ्याची दरड कापली, तेव्हा तिचं बीळ उघडं पडलं. माणसं फावडं घेऊन धावली. सावित्रीने तिच्यावर लोणच्याची बरणी उपडी घातली आणि तिला घरी आणलं. जुनी माशांची टाकी मिळवली, तिच्यात माती भरली, रोज नाकतोडे पकडायला लागली. असे कोळी पाळणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप असतो, तोही तिला सापडला. पुढे दोन नर आले आणि गेले. नर फार जगत नाहीत, मादी वीस-वीस वर्षं काढते, असं ग्रुपवरून कळल्यावर तिने मला ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

आम्हाला मूल नव्हतं. म्हणून ही कोळी पाळते, असं वाडीत बोलत. तिच्या कानावर ते आलं होतं. ती म्हणायची, "पोरा आसती तरी हिला पाळली आसती. पोरांना भ्या दाखवाया."

चिपळूणला एका लग्नाच्या फोटोवाल्याने धंदा बंद केला. त्याचा कॅमेरा तिने घेतला आणि स्वतःच शिकली. मोडक्या छत्रीचं काळं कापड मागे लावायची. टॉर्चवर पातळ पांढरा कागद बांधून उजेड बाजूने टाकायचा, म्हणजे पायांवरचा एकेक केस दिसतो. टॉर्च धरायचं काम माझं. हात हलला की म्हणायची, "अवो, तुमचा पाईप नाय तो, हिसके नका देव." मी हललो नाही तर काहीच म्हणायची नाही. तीच शाबासकी.

एकच फोटो तिला मिळाला नव्हता. टॅरेंटुला कात टाकते तेव्हा उताणी पडते, मेल्यासारखी. मग जुनं अंग फोडून हळूहळू बाहेर येते. ते दर वेळी सावित्रीचं हुकलं. एकदा ती बाजारात होती. एकदा भावाकडे. परत येऊन बघते तर बाय एकीकडे आणि रिकामी कात दुसरीकडे. त्या काती तिने काचेच्या पेटीत मांडून ठेवल्या होत्या, पण समाधान नव्हतं. ग्रुपवर कोणी तसा फोटो टाकला की फोन उलटा ठेवून चहा करायला उठायची.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे समोरच्या आंब्यावर बसलेले, खाली येईनात. हरिश्चंद्राने हात जोडून सांगितलं, भावजींना मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. त्याची बायको काशी म्हणाली, मशीन कोणाला विकणार नाही. तरी नाही. मग मी सांगितलं, बायला सांभाळीन. एक कावळा फांदी बदलून बसला, एवढंच.

हरिश्चंद्र जवळ येऊन हळू म्हणाला, "भावजी, तिचा काय राह्यला ता तुमाला ठावं हाय. फोटोचा सांगा."

"मला कॅमेऱ्यातलं काय कळतं?"

"नुसता सांगायचा तर हाय."

"जमणार नाय ता कसा सांगू? तिला खोटा बोललेला लगेच कळायचा."

ऊन चढलं, भटजींनी घड्याळ बघितलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी येऊन लोक जेवायला बसले. काशी मागच्या खोलीतून लगबगीने आली. "भावजी, ती कोळीन मेली. उतानी पडलेय. टाकून येव का? आजच्या दिवशी घरात नको."

मी पानावरून उठलो. बायने खाली जाळ्याची पांढरी गादी विणली होती आणि तिच्यावर ती पाय वर करून पडली होती.

"हात लावू नका," मी म्हटलं. "कात टाकतेय ती."

काळं कापड लावलं, स्टूल ओढलं, टॉर्चला कागद बांधला आणि बाजूने उजेड धरला. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर पंगती उठत होत्या, भांड्यांचे आवाज येत होते. मग छातीवरचं कवच डबीच्या झाकणासारखं सुटलं. आतून ओलं, फिकट अंग दिसायला लागलं. ती एकेक पाय ओढून काढत होती. थोडा ओढायचा, थांबायचं. मोज्यातून पाय काढावा तसा. दातसुद्धा नवे, पांढरे. माझा हात अवघडला होता, पण हलला नाही. हललो असतो तर सावित्री ओरडली असती.

शेवटचा पाय सुटला. बाय कातीशेजारी निपचित पडून राहिली.

दारातून हरिश्चंद्र म्हणाला, "भावजी, फोटो?"

मी समोर बघितलं. सावित्रीची फोटो काढायची खुर्ची तिच्या जागेवर रिकामी होती. कॅमेरा खुंटीला होता.

हरिश्चंद्र आत आला आणि माझ्या हातातला टॉर्च घेऊन त्याने बंद केला.

बाय आता पुन्हा खाते. पुढची कात कधी, सांगता येत नाही. वर्ष लागतं, कधी दोनही. त्या दिवसाची कात मी पेटीत शेवटच्या रांगेत ठेवली आहे. कॅमेऱ्याला मी अजून हात लावलेला नाही. फोटो काढायचा राहिला आहे.