नवाबला लागणारी रात्र

नवाब घरी आला त्या दिवशी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पदर नाकाला लावला.

"कुत्रं आणावं, मांजर आणावं. सरडा कुणी घरात आणतं का रं, शंतनू?"

"आई, साधा सरडा नाही हा, कॅमेलिऑन आहे, रंग बदलणारा. परदेशी. कागद आहेत त्याचे." शंतनूचा मित्र नोकरीसाठी कॅनडाला निघाला होता आणि जाताना हा जीव आमच्या गळ्यात घालून गेला होता.

"परदेशी असला म्हणून काय झालं? कागद दाखवून भिंतीवर चढणार का?"

नवाब भिंतीवर चढला नाही. जाळीच्या उंच पिंजऱ्यात, जास्वंदीच्या फांदीवर, तो एकेक पाऊल डुलत डुलत आणि विचार करून टाकायचा. डोक्यावर तुरा. एक डोळा पुढे, एक मागे. नवाब हे नाव आईंनीच ठेवलं. "एक डोळा सासूवर, एक सुनेवर. पाळत ठेवतो मेला," म्हणत त्या त्याच्यासमोर बसून भाजी निवडायच्या.

त्याला सांभाळताना अडचण दिवसाची नव्हती, रात्रीची होती. दिवसा फांदीच्या वर बल्ब लावला की त्याखाली तो अंग शेकून घ्यायचा. पण सूर्य मावळला की त्याला अंधार लागायचा आणि गारवा लागायचा. रात्र गार झाली नाही तर त्याच्या अंगाला विसावाच मिळत नाही, असं मित्रानं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आणि आम्ही राहतो चिकलठाण्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. राहायला आलो तेव्हा खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं. बघता बघता तिथं आमच्यासारख्याच इमारती उभ्या राहिल्या आणि वारा यायची वाट बुजली. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. त्यात पावसानं सलग दगा दिलेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी टँकरवर. कूलर कोपऱ्यात कोरडा ठणठणीत उभा होता.

मग मी तांदूळ धुतलेलं पाणी, तान्ह्या लेकीच्या, स्वरालीच्या आंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवायची. संध्याकाळी त्यात गोणपाट भिजवून खिडकीला टांगायची, पिंजरा त्याच्यापुढे सरकवायची, बल्ब बंद करायची. हळूहळू नवाबचा हिरवा रंग उतरायचा. फिकट, अगदी दुधी व्हायचा तो, आणि शेपटीची गुंडाळी करून झोपी जायचा. घरात एकाला तरी गार झोप लागली, असं मला वाटायचं.

स्वरालीला ती झोप नव्हती. ती ऐन फाल्गुनात जन्मली. आई मूळच्या करमाडच्या, त्यांच्याकडे बाळंतिणीचं जसं करतात तसं सगळं त्यांनी मनापासून केलं. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कान बांधलेले, खिडक्या लावलेल्या. माझं मी सोसलं. पण सव्वा महिना उलटला, वैशाख लागला, तरी स्वरालीच्या डोक्यावरची कुंची निघेना. तिच्या मानेवर, पाठीवर लाल घामोळं उठलं होतं. रडून रडून ती दमायची. डॉक्टर म्हणाले, झबलंसुद्धा पातळ घाला, पंखा लावा, खिडकी उघडा. मी आईंना सांगितलं.

"घामोळं दिसतं, पोरी. गारठा दिसत नाय," त्या म्हणाल्या.

मी कुंचीचा सोडलेला बंद पुन्हा बांधला. कारण स्वरालीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. दिवस भरायच्या आत आला. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, अंगावर उजेड सोडलेला. आई बाहेर बाकावर बसून राहायच्या, आत कुणी सोडायचं नाही. शेवटी तो हातात दिला तेव्हा मी उठूही शकत नव्हते. त्याला आईंनीच घेतलं. "लई गार पडलंय गं लेकरू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या हाताला गार काही सोसेनासं झालं.

टँकर आला त्या दिवशी शंतनू शेंद्र्याला कारखान्यात रात्रपाळीला गेलेला. पाण्याचे हंडे वर चढवून मी मोडून गेले होते. तिन्हीसांजेला गोणपाट टांगलं, बल्ब बंद केला आणि स्वरालीला घेऊन पडले, ती तशीच झोपले. त्याच सुमारास वावटळ सुटली. पाऊस नाही, नुसती धूळ आणि थोडा वेळ गार वारा. आई खिडकी लावायला उठल्या, हे त्यांनीच मला मागून सांगितलं. पिंजऱ्यात नवाब पांढराफटक पडलेला दिसला. त्यांनी दार उघडून त्याला बोट लावलं.

सकाळी उठले तर खिडकी बंद होती. गोणपाट काढून घडी घालून ठेवलेलं. पिंजऱ्यावर दुपटं पांघरलं होतं, जुन्या लुगड्याचं, मऊ, कडेला निळा दोरा. त्या पहिल्या लेकरासाठी आईंनी शिवलेलं आणि मग ट्रंकेत तळाशी घातलेलं. दुपट्यातून उजेड झिरपत होता. बल्ब चालू होता.

मी दुपटं ओढून काढलं. गरम वाफ तोंडावर आली. नवाब तळाला, कुंडीच्या मातीला तोंड टेकून पडला होता. पानावर पाणी शिंपडलं, त्याच्या ओठाला लावलं. त्यानं एक डोळा थोडा फिरवला. मग तोही थांबला.

शंतनू आला. पिंजरा बघितला, दुपटं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आईला सांगू नकोस. वय झालं होतं त्याचं, असं म्हण. तिला नाही झेपणार परत."

मी मान हलवली. मलाही तेच करायचं होतं.

बाहेर आले तर आई पिंजऱ्यापुढे बसल्या होत्या. डोळे कोरडे. "मी सांगत नव्हते? गारठ्यानं गेला. हात लावला तवा नुसता बर्फ होता गं. मलाच उशीर झाला पांघरायला." मग त्या उठल्या, कपाटातून लोकरीची कुंची काढली आणि झोपलेल्या स्वरालीच्या डोक्याला बांधायला लागल्या. खिडकी बंदच होती. स्वरालीच्या कपाळावर घाम डवरला होता.

"आई, थांबा."

शंतनूनं दारातून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"नवाब गारठ्यानं नाही गेला. त्याला रात्री गारच लागायचं, म्हणून तर मी गोणपाट लावायची. झोपला की तो तसाच पांढरा पडायचा. त्याला उकडलं, आई. बल्बनं आणि पांघरुणानं."

त्यांच्या हातातला कुंचीचा बंद तसाच राहिला. स्वराली कुरकुरली.

"मीच मारलं म्हण की," त्या म्हणाल्या.

"तुम्ही माया केली."

"व्हय. तेच." मग एकदम वर बघून विचारलं, "आणि ते? आपलं ते? त्याच्या डोक्यावर पण दिवाच होता की गं. त्याला पण...?"

"नाही, आई. नाही. तो फार लवकर आला होता. त्याला ऊब लागतच होती. तिथं कुणाचंच काही चुकलं नाही."

त्यांनी ऐकलं. पटलं का, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी कुंचीचा बंद सोडला, कुंची काढून मांडीवर ठेवली आणि घडी घालत बसल्या. घडी काही नीट बसेना. खिडकी शंतनूनं उघडली.

संध्याकाळी इमारतीमागे, बिल्डरनं अजून न उकरलेल्या पट्ट्यात, एका बाभळीखाली आम्ही नवाबला पुरलं. दुपटं आईंनी त्याच्याचबरोबर दिलं.

आता गोणपाट आईच भिजवतात. आंघोळीचं पाणी धरतात, पिळतात, खिडकीला टांगतात. स्वरालीचं घामोळं विरत चाललंय. सगळं मला हवं होतं तसंच झालं आहे. फक्त एक झालंय. पूर्वी नुसता हात फिरवून लेकराचा ताप सांगणाऱ्या आई, दूध कोमट झालं का ते बोटावर ओळखणाऱ्या आई, आता रोज दिवेलागणीला स्वरालीच्या मानेला हाताची मागची बाजू लावतात आणि तशाच थांबून राहतात.

"बघ गं जरा," त्या म्हणतात. "मला काही कळंना."

मी जाते. त्यांचा हात उचलत नाही. त्यावरच माझा ठेवते आणि म्हणते, "बरोबर आहे, आई."