बसूयासाहेबांच्या खुर्च्या

लाकडी खेळण्यांच्या त्या कारखान्यात व्यवस्थापकांना सगळे पाठीमागे ‘बसूयासाहेब’ म्हणत. रंग वाळत नाही? “जरा बसूया.” खिळे संपले? “पाच मिनिटं बसूया.” ती पाच मिनिटं रबरासारखी ताणत. माणूस मात्र लोण्याहून मऊ. कुणालाही डावलल्यासारखं वाटू नये म्हणून ते सगळ्यांना बोलावत, आणि बोलावलं म्हणून सगळ्यांना काहीतरी बोलावंच लागे.

त्या सकाळी घरी त्यांचीच सुनावणी झाली. न्यायाधीश होती त्यांची लेक, भिंगरी.

“बाबा, सायकल कधी शिकवणार?”

“आज नक्की.”

“कालही नक्कीच होतं. तू येतोस तेव्हा अंधार असतो. आज उजेडात आला नाहीस, तर मी मामाकडून शिकणार.”

मामा मागच्या गल्लीतच राहायचा आणि आत्ता समोर बसून चहा पीत होता. “दाजी, तुम्ही निवांत मीटिंग घ्या,” तो म्हणाला. “सीट धरायला मी आहे की!”

“तुझ्या बाबांना खुर्ची सोडवत नाही गं,” आतून बायकोचा आवाज आला.

साहेबांना चहा कडू लागला. लेक पहिल्यांदा सायकल चालवणार आणि सीटवर हात मामाचा? छे!

कारखान्याच्या दारातच सुतारदादा आणि रंगकामाच्या ताई हुज्जत घालत उभे होते. नव्या लाकडी बदकाची चोच लाल असावी की नारिंगी, हे घोंगडं कितीतरी दिवस भिजत पडलं होतं.

“चला, आत बसूया,” साहेब सवयीने म्हणाले, दार उघडलं आणि थबकले. मीटिंगच्या खोलीत टेबल होतं, खुर्ची एकही नव्हती.

“खुर्च्या कुठे गेल्या?”

“दुरुस्तीला,” सुतारदादा म्हणाले. “कुरकुरतात म्हणून आपण कितीदा तरी मीटिंगला बसलो नव्हतो का? पाठवायचं ठरलंय तुमच्यासमोरच.”

“अहो, पण सगळ्या एकदम?”

“एवढा एकच निर्णय झाला साहेब. म्हटलं, बदलायच्या आत पाळावा.”

“आता कुठे बसायचं, ते ठरवायला एक मीटिंग घ्या,” मागून पॅकिंगच्या काकू म्हणाल्या. त्यांनाही बोलावणं होतंच.

साहेबांनाही हसू आलं. “राहू द्या. उभ्याउभ्याच बोलून घेऊ.”

आणि गंमत झाली. बसलेला माणूस विषयाला गावभर हिंडवून आणतो; उभ्या माणसाचे गुडघे त्याला थेट मुद्द्यावर आणतात. सुतारदादांनी नेहमीप्रमाणे आजोबांच्या रंध्याची गोष्ट काढली, पण गुडघा चोळत अर्ध्यातच सोडली. ताईंनी दोन्ही रंगांची बदकं साहेबांच्या हातात दिली.

“लांबून लाल छान दिसते. पण हातात घेऊन बघा, चोच रक्ताळल्यासारखी वाटते की नाही?”

साहेबांनी बघितलं. भिंगरीने लाल चोचीला हातही लावला नसता. “खरंय. नारिंगी करा. दादा, तुमचं काय?”

“रंग कुठलाही असू द्या, चोच टोचतेय. टोक बोथट करतो.”

“करा. काकू, तुमचं मत?”

“चोच कसलीही असो, डबा तोच. माझं इथे कामच नाही.”

“मग दरवेळी येता कशाला?”

“तुम्ही बोलावता म्हणून!”

“तुम्हाला डावललं असं वाटू नये, म्हणून हो…”

“अहो, डावला की! अगदी मनापासून डावला. डबे खोळंबलेत माझे तिकडे.”

साहेब ओशाळले, मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. दिवसभर ‘बसूया’ जिभेवर आलं की ते गिळून विचारत, “ठरवायचंय काय? आणि कुणावाचून अडलंय?” ज्याच्यावाचून अडत नव्हतं, त्याला हाक गेली नाही. दुपारी दुरुस्तीवाल्याचा फोन आला, “खुर्च्या तयार आहेत, पाठवू?”

“सावकाश,” साहेब म्हणाले. “अगदी सावकाश.”

निघताना मात्र सुतारदादा आडवे आले. “साहेब, बदकाची चाकं डगमगताहेत.”

जीभ वळवळली. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं. “काय करायचं, ते तुम्हाला माहीत आहे?”

“आहे की. आस थोडा जाड घ्यायचा.”

“मग मला का विचारता?”

“सवय तुम्हीच लावलीत ना!”

साहेब गल्लीत पोचले तेव्हा भिंतींवर पिवळं ऊन होतं. मामा सायकलची सीट धरून उभा होता.

“अरे वा, दाजी! आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.”

“मावळतोय, म्हणून तर धावत आलोय. काढ हात. ती जागा माझी आहे.”

भिंगरीने आधी आभाळाकडे बघितलं, मग बाबाकडे. खात्री पटल्यावर ती हाताची घडी घालून म्हणाली, “बाबा, आधी जरा बसूया. कुठे वळायचं, ब्रेक कधी दाबायचा, पडले तर कुणी उचलायचं, सगळं ठरवू…”

मामा खो-खो हसत पायरीवर कोसळला.

“बस!” साहेब म्हणाले.

हे ‘बस’ गप्प बसण्याचं की सायकलवर बसण्याचं, ते भिंगरीला कळलं नाही. तिने दोन्ही केलं. आणि बसूयासाहेब सीट घट्ट धरून पळू लागले.