काय नको

तेरा जानेवारी, मंगळवार, सकाळी साडेसहा. आमच्या मद्रासच्या अण्णा नगरमधल्या घरात भाजी म्हणून जे होतं ते असं: फ्रिजमध्ये तीन गाजरं, त्यातलं एक मऊ पडलेलं. अर्धा कोबी. कढीपत्त्याच्या दोन काड्या. जेवणाच्या टेबलावर एक निळी पिशवी, आदल्या दिवशी आत्याने पुण्याहून विमानाने आणलेली. तिच्यात हरभऱ्याचे घाटे साधारण अर्धा किलो, वालपापडी पाऊण किलो, काटेरी वांगी नऊ, बोरं एकतीस, उसाची तीन कांडकी आणि तिळाची पुडी. व्हरांड्यात, चपलांच्या रॅकशेजारी, जिथे पोतं असायला हवं होतं, तिथे एक झाडू होता.

ते पोतं एरवी शनिवारी येतं. वहिनीचे काका, तुकोजीराव, गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे राहतात. कारखान्यांच्या भिंती संपल्या की आत वळणाऱ्या रस्त्यावर त्यांची चार एकर जमीन आहे. त्यांच्या शेजाऱ्याचा टेम्पो कोयंबेडूच्या बाजाराला जातो आणि जाता जाता पहाटे आमच्या दारात पोतं टाकतो. या आठवड्यात बुधवारी भोगी होती, म्हणून शनिवारचं पोतं मंगळवारवर ढकललं होतं. सगळं ताजं तोडलेलं मिळावं म्हणून.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. पहिलं पोतं आलं तेव्हाच मी त्याचं वजन केलं आणि आत काय किती आहे ते वहीत लिहिलं. कोणती भाजी कुठल्या आठवड्यात सुरू होते आणि कुठल्या आठवड्यात संपते, हे मला स्वतः बघायचं होतं. तेव्हापासून चौपन्न पोती झाली. सरासरी वजन नऊ किलो सातशे ग्रॅम. सगळ्यात कमी सहा किलो शंभर, तेही वादळाच्या आठवड्यात, त्यांच्या शेतात गुडघाभर पाणी असताना.

वहिनी, म्हणजे कनका, तंजावरकडची मराठी. माझ्या भावाशी, अद्वयशी, तिचं लग्न होऊन चौदा महिने झाले. तिच्या घरची माणसं साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात आहेत आणि घरात अजून मराठी बोलतात, पण ती मराठी आमची नाही. त्यांच्याकडे भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. वांगं, भोपळा, घेवडा, जे वेलाला किंवा झाडाला लागतं ते सगळं 'काय'. हा तमिळ शब्द आहे, पण त्यांच्या मराठीत तो इतका मुरलाय की वहिनीला तो तमिळ वाटतच नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "निधी, काय आलें का?" मी म्हटलं, "काय काय आलं का?" ती म्हणाली, "तेंच, काय."

त्यावरून आमच्याकडे विनोद सुरू झाला. आज काय? काय. काय काय? सगळं काय. बाबा ऑफिसातून आले की दारातूनच ओरडायचे, "काय आहे काय?" आणि स्वतःच हसायचे. विनोद मी सुरू केला होता. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्या अंगावर येणार आहे.

वहिनी शाळेत शिकवते. शनिवारी ती पोतं उघडते, सगळं फरशीवर मांडते आणि मग आठवडाभर काय शिजवायचं ते ठरवते. आई रविवारी आठवड्याचा बेत कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायची आणि मग त्याप्रमाणे भाजी आणायची. दोन पद्धती, एकच ओटा. गेल्या मार्चपासून फ्रिजवर कागद नाही. ही नोंद माझ्या वहीत नाही. ती असायला हवी होती.

गेल्या वर्षी वहिनी नवी होती म्हणून भोगीला तिने आमची मिसळीची भाजी आणि बाजरीची भाकरी केली. या वर्षी भोगी तिची, असं दिवाळीतच ठरलं होतं, आई, बाबा, अद्वय, सगळ्यांसमोर. त्यांच्याकडे त्या दिवशी 'सातकाय' करतात: एकाच शेतातल्या सात भाज्यांचं सांबार. पावटा, घेवडा, लाल भोपळा, वांगं, रताळं, कच्चं केळं, अळकुडी. तिची आजी करायची. आजी गेली, तिची आई त्याआधीच गेलेली. आता ते फक्त तिला येतं. दोन महिने ती तुकोजीरावांना फोनवर विचारत होती, रताळीं कुठवर आलीं, पावटा भरला का.

आणि मंगळवारी व्हरांड्यात झाडू.

सात वाजता वहिनीने फोन लावला. हात पिठाचे होते म्हणून स्पीकरवर.

"काका, टेम्पो आला नाही."

"टेम्पो कशाला येईल, कनका? परवां विहीणबाईंना फोन केला होता मीं. त्या म्हणालीं, तुकोजीराव, या आठवड्यांत काय नको."

"काय नको म्हणालीं?"

"हो. स्पष्ट. मग मीं बाजारांत घातलें सगळें. कां ग? लागणार होतें का?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही काका. परवाल्ले." परवाल्ले म्हणजे असू दे, चालेल. ती हा शब्द दिवसातून वीस वेळा म्हणते. त्या दिवशी तिने तो असा ठेवला, जसं कुणी भांडं आवाज न करता खाली ठेवतं.

आई देवघरातून आली. तिला सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई. मी आपलं म्हटलं, काय नको हो, तुम्ही कशाला त्रास घेता, सणाला तुम्हीच जेवायला या. त्यांनी भलतंच धरलं."

बाबा पेपरमागून हसले. "घ्या. काय नको म्हटलं आणि काय आलंच नाही."

आत्याही हसली. "मी आणलंय ना सगळं. न खाई भोगी तो सदा रोगी. सांबार काय, बाराही महिने होतं तुमच्या मद्रासला."

अद्वय मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "कोयंबेडूहून आणू का? दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"एका शेतांतलें लागतें," वहिनी म्हणाली.

"कोणाला कळणार आहे?"

परातीत बाजरीचं पीठ होतं, आत्यासाठी भिजवायला घेतलेलं. ते वहिनीने मळून संपवलं, झाकलं, हात धुतले आणि शाळेत गेली. माझा भाऊ इंजिनियर आहे आणि 'कोणाला कळणार आहे' हे त्याचं उत्तर आहे. मला तो मोबाईल त्याच्या हातातून काढून सांडपाण्यात टाकावासा वाटला.

पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी अडकलं होतं, आणि ते काय आहे हे कळायला बसस्टॉपपर्यंत चालावं लागलं.

माझी आई 'काय नको' म्हणत नाही.

ती नाशिकची आहे, मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि इथे मंडळात रविवारी मुलांना मराठी शिकवते. मी पाच वर्षांची असल्यापासून 'मला काय नको' म्हटलं की ती म्हणते, "काही. काही नको. काय हा प्रश्न आहे." दुकानात, पाहुण्यांसमोर, एकदा तर दवाखान्यात, मला एकशेतीन ताप असताना. मी हा शब्द तिच्या तोंडून चुकीचा कधीही ऐकलेला नाही. बरोबर ऐकलाय. वहीच्या कडेला मी कधीकधी कोण काय म्हणालं तेही लिहिते. मी बसस्टॉपवरच वही काढली. आठ नोव्हेंबर, शनिवार: 'आई: कनका, जुनं काय संपलंय, दोनच वांगी उरलीत.' तेरा डिसेंबर: 'आई: एवढं काय कोण खाणार?' आईच्या तोंडी 'काय' म्हणजे एकतर प्रश्न, नाहीतर तुकोजीरावांच्या पोत्यातली भाजी. तिसरा अर्थ तिच्याकडे नाही.

मी ऑफिसला गेले नाही. परत आले. आई एकटी होती, घाटे सोलत बसली होती. आत्या आंघोळीला गेली होती.

"आई, तू फोनवर काही नको म्हणालीस की काय नको?"

"परत तेच? काय नको म्हटलं असेन. घाईत होते."

"तू घाईतसुद्धा काही म्हणतेस."

तिचे हात थांबले नाहीत. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. "आता आईची परीक्षा घेणार का तू?"

"तुला माहीत होतं त्यांना काय ऐकू जाणार ते. म्हणून तू तो शब्द वापरलास. त्यांच्याच भाषेत त्यांना नको म्हणालीस, आणि आमच्यासाठी आपल्या भाषेत पळवाट ठेवलीस."

"हळू बोल. ताई ऐकतील."

"ऐकू देत."

तिने एक घाटा फोडला, रिकामा निघाला, तोही दाण्यांतच टाकला. मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मी या गावात भोगी केली. बाजरी मिळायची नाही तेव्हा जॉर्ज टाउनला जाऊन शोधून आणायची. तीळ, गूळ, सगळं. कुणी मदतीला नाही. आता ताई पहिल्यांदा माझ्याकडे सणाला आल्या, आणि त्यांच्यापुढे सांबार ठेवू? एक दिवस मागितला मी."

"मागितला नाहीस. मागितला असतास तर तिने दिला असता. लगेच दिला असता, तुला माहीत आहे."

"तिने दिला असता," आई म्हणाली. "तेच. माझ्या घरात तिने द्यायचा."

मला क्षणभर तिची बाजू दिसली, आणि त्यामुळे राग कमी होण्याऐवजी वाढला. बाजू होती तर ती तोंडाने सांगायची होती. फ्रिजवरचा कागद गेला त्या दिवशी सांगायची होती.

"आणि शब्दाचं म्हणशील," आई म्हणाली, "तर त्या शब्दावर वर्षभर दात काढायला कोणी शिकवलं या घराला? मी?"

तिने दाण्यांत टाकलेला तो रिकामा घाटा मी उचलून टरफलांत टाकला.

बुधवारी पहाटे गल्लीभर धूर होता. इथे भोगीला जुनं सामान जाळतात. समोरच्यांनी चटई आणि मोडका पाट जाळला, त्यांची नात छोटा डफ वाजवत होती. वहिनी साडेपाचला उठली, आंघोळ केली आणि आईच्या हाताखाली उभी राहिली. तीळ भाजले, वांगी चिरली, भाकऱ्या थापल्या. तिच्या भाकऱ्या आईपेक्षा गोल होतात. आई दोनदा म्हणाली, "तू बस गं जरा." वहिनी दोनदा म्हणाली, "परवाल्ले."

बारा वाजता पानं मांडली. भाजी चांगली झाली होती. हे खोटं लिहिता येणार नाही. आत्याने सगळ्यांना आग्रह केला. बाबांनी तिसऱ्यांदा घेतली. वहिनीने अर्धी भाकरी खाल्ली आणि हात थांबवला.

"कनका, अगं जेवलीस कुठे?" आत्या पातेलं घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. "बोल, काय वाढू?"

वहिनीने वर पाहिलं. आत्याकडे नाही, आईकडे.

"काय नको," ती म्हणाली.

बाबा सवयीने हसायला लागले आणि मध्येच थांबले. अद्वयने पहिल्यांदा मान वर केली. आईच्या हातात लोण्याची वाटी होती. ती तिने खाली ठेवली. तिने वहिनीला दुरुस्त केलं नाही.

जेवणं झाल्यावर मी आईचा मोबाईल तिच्यापुढे धरला. तुकोजीरावांचा नंबर लावूनच धरला. ती म्हणाली, "आत्ता? सणाचं?" मी हात मागे घेतला नाही. भांडी घासणाऱ्या वहिनीला ऐकू जाईल इतक्या जवळ आम्ही उभ्या होतो.

"तुकोजीराव, मी विद्युलता बोलतेय. भोगीच्या शुभेच्छा. ते, परवाचं. माझं चुकलं." मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "शनिवारी काय पाठवा. नेहमीसारखं."

"सरि, विहीणबाई," पलीकडून आवाज आला. शांत, अदबशीर. "कनका जेवली का?"

"जेवली."

"किती?"

आईने फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, अर्धी भाकरी. त्यांनी पुन्हा सरि, म्हणजे बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. नळ चालू होता, पण घासण्याचा आवाज बंद झाला होता.

शनिवारी, सतरा जानेवारीला, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी टेम्पो थांबला. पोतं नव्हतं. कापडाची पिशवी होती, तोंडाला सुतळी, वर तमिळमध्ये एकच नाव: कनका. वहिनी उठेपर्यंत मी ती काट्यावर ठेवली नाही. ती आली, तिने सुतळी सोडली, फरशीवर सगळं मांडलं आणि मला म्हणाली, "घे, लिही."

पावट्याच्या शेंगा एक मूठ. घेवड्याच्या शेंगा अकरा. लाल भोपळ्याची एक फोड. वांगं एक. रताळं एक. कच्चं केळं एक. अळकुड्या दोन. सातही काय, एका माणसापुरतं.

एकूण नऊशे साठ ग्रॅम.