पुरुषांनी आत येऊ नये

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी आणि बाळंतपणं होतात, त्या विभागाच्या दारावर मला टांगलं आहे. माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘पुरुषांनी आत येऊ नये.’

मी लागले तेव्हा बायका म्हणाल्या, “बरं झालं बाई, जरा मोकळेपणा आला.” पत्र्याची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुरुष मला वाचून निमूट मागे फिरत. काहींना तेवढं निमित्त पुरत असे.

एकदा शिवणकाम करणारी एक पोरसवदा मुलगी तपासणीला आली. पहिलंच बाळंतपण होतं. तिच्या रक्तात सिफिलिस निघाला. हा रोग आईकडून पोटातल्या बाळाला होतो. वेळेवर पेनिसिलिन दिलं तर बाळ वाचतं. सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि बजावलं, “नवऱ्यालाही आण हं. त्याने घेतलं नाही, तर तुला पुन्हा होईल.”

तिने त्याला अक्षरशः ओढत आणलं. वेल्डिंगच्या कामावरून आलेला तो माझ्यासमोरच अडला.

“मला वाचता येतं. मी आत येणार नाही.”

“अहो, सिस्टरनी बोलावलंय.”

“मग त्यांनी बाहेर यावं. आणि मला काय धाड भरलीय?”

आत गर्दी होती. सिस्टर म्हणाली, “थांबायला सांग, येतेच.” ती येईपर्यंत स्वारी पसार झाली होती. बापांना इंजेक्शन द्यायला वेगळी खोली हवी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलीचं रक्तही पुन्हा तपासलं नाही. एकदा झालं होतं ना!

नवऱ्याकडून रोग तिला पुन्हा झाला होता. बाळ जन्मलं ते पिवळं, तळव्यांची कातडी सोललेलं. हातपाय हलवले की कळवळून रडायचं. औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. बाळ गेलं.

“मी सांगितलं होतं,” सिस्टर म्हणाली. “पाटी होती,” नवरा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, “नियम आहे.” सगळ्यांनी माझ्यावर खापर फोडलं आणि हात झटकले. रंगाचा डबा मात्र लगेच आला. माझी अक्षरं फिकट झाली होती म्हणे.

मित्रांनो, मोठे झालात की मला इथून काढा. आईबरोबर बापालाही आत घ्या, दोघांनाही तपासा. बाळाला शेवटचं न्यायला तोच बाप माझ्याखालून आत गेला होता, आणि तेव्हा त्याला कुणीही अडवलं नाही.