बारा कुप्या

दोन हजार एकवीस सालचा उन्हाळा. सकाळचे सहा वाजले होते आणि माझी नणंद आमच्या फ्रीजचं दार उघडून मला चौथ्यांदा तेच समजावत होती.

"वहिनी, साडेसहाला हे चारही बाहेर काढ. टेबलावर ठेव. लगेच पेटीत घालायचे नाहीत. त्यांना घाम सुटू दे. हलवले की आत पाणी वाजलं पाहिजे. मगच पेटीत."

"अगं, कळलं. मी काय पहिलीतली पोर आहे?"

"पहिलीतल्या पोराला एकदाच सांगावं लागतं," ती म्हणाली आणि चपला घालून शाळेकडे निघाली. तिथे लोकांच्या नावांची यादी लावायची होती.

हे चार म्हणजे लशीच्या पेटीतले आइसपॅक. आरोग्य केंद्रातलं लशीचं कपाट ठीक होतं, पण आइसपॅक गोठवायचा फ्रीझर बिघडला होता आणि दुरुस्तीवाला स्वतःच तापाने अंथरुणात होता. म्हणून माझ्या फ्रीजमधल्या मटारांची हकालपट्टी झाली.

आमची ही नणंद पाच भावंडांतली शेंडेफळ. घरात ती बारकीच राहिली, सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा. बाहेर सगळे तिला सिस्टर म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. एकतीस वर्षं तिने बाळांना सुया टोचल्या. रस्त्यात तिला पाहून पोरं आईच्या पदराआड लपत, आणि तीच पोरं पुढे आपली पोरं घेऊन तिच्याकडे येत. बढती नाही, बदली नाही. कुणी तिच्यावर दोन ओळी लिहाव्यात असं तिच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं.

लशीवर तिचं आणि तिच्या दादाचं वर्षभर वाजत होतं. आमचे हे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. रेडिओवर लशीच्या चाचण्यांची बातमी लागली की आवाज वाढवायचे आणि बातमी संपली की मान हलवायचे.

"एवढ्या घाईत? आम्ही साधा पाइप टाकायचो तरी दाब देऊन बघितल्याशिवाय वर माती लोटत नव्हतो."

"दाब देऊनच बघतायत, दादा. हजारो माणसांवर."

"आणि पाच वर्षांनी गळती लागली तर?"

"पाच वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही," बारकी म्हणायची. "आज दवाखान्यात काय चाललंय ते माहीत आहे."

कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला रोज संध्याकाळी आमच्या फाटकाबाहेर उभा राहून नवे आकडे सांगायचा. कधी सत्तर टक्के, कधी नव्वद. लस आली की आठवड्यात सगळं पूर्वीसारखं, असं तो छातीठोकपणे सांगे. बारकी त्यालाही टोकायची, "आठवड्यात नाही हो. आणि मास्क नाकावर घ्या, हनुवटीला सर्दी होत नाही."

ह्यांची फुप्फुसं जुन्या दम्याने आधीच खिळखिळी. मला रात्रंदिवस तोच घोर होता. शेवटी एक दिवस हे आपणहून म्हणाले, "बारके, माझं नाव लिही. तू 'माहीत नाही' म्हणतेस ना, म्हणून लिही. सगळं माहीत असणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते." ते तयार झाले म्हटल्यावर आमच्या गल्लीतले अकरा जण तयार झाले. तीन आठवडे वाट पाहिल्यावर बारा कुप्या आल्या. एका कुपीत दहा डोस. एकशे वीस माणसं.

तर त्या सकाळी मी साडेसहाला आइसपॅक बाहेर काढले. उकाडा असा की त्या वेळीसुद्धा ओटा कोमट लागत होता. पाच-दहा मिनिटांत त्यांच्यावर थेंब जमले, टेबलावर ओघळ आले. चाळीस वर्षं संसार केलेली बाई मी. बर्फ वितळताना बघत बसणं माझ्या हाताला ठाऊक नाही. बारकी यायला अजून तासभर होता. तोवर यांचं पाणी झालं म्हणजे? म्हटलं, घाम सुटायला हवा होता, तो सुटला. मी चारही कोरडे पुसले आणि परत फ्रीझरमध्ये ठेवले. तिची चाहूल लागली तेव्हा काढून पेटीत बसवले आणि झाकण लावलं.

"घाम सुटला होता?" तिने विचारलं.

"सुटला होता की."

तिने पेटी उचलली. केंद्रात जाऊन त्यात कुप्या ठेवल्या आणि शाळेत आली. पॅक हलवून बघितले नाहीत. माझ्या शब्दावर गेली.

शाळेच्या सभागृहात खुर्च्या हातहातभर अंतरावर मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत हे, शेजारी निवृत्त पोस्टमास्तर. ब्याऐंशी वर्षांचे, कडक इस्त्रीचा शर्ट, सोबत शिवणकाम करणारी लेक. मी भिंतीशी उभी होते. नाव नोंदवायचं यंत्र सुरू व्हायलाच दहा वाजले. तोवर पेटी बंद.

बारकीने झाकण उघडलं. आधी आतला तापमापक पाहिला. मग एक कुपी उजेडात धरली, दुसरी धरली. मग झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादी गोष्ट कुठे ठेवली ते आठवल्यावर माणूस बघतं, तसं.

ती व्हरांड्यात आली. मी मागोमाग.

"गोठल्या," ती हळूच म्हणाली. "तू परत फ्रीझरमध्ये ठेवले होतेस?"

पुसूनच ठेवले होते, असं मी सांगायला लागले. तिला काय ते कळलं.

"अगं, पण थंडच हवी ना लस?"

"थंड हवी. गोठली की ही लस मरते, वहिनी. टोचली तर अपाय नाही, पण उपयोगही नाही."

तिने डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या केंद्रावर होते. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "किती कुप्यांत बर्फ दिसतोय? दोन? मग त्या दोन बाजूला ठेवा, बाकीच्या चालवा. लोक उठून गेले तर परत यायचे नाहीत, सिस्टर. वरून काही दिसत नाही ना?"

"दिसत नाही म्हणूनच," बारकी म्हणाली. "सर, ही माणसं घरी जातील आणि आपल्याला लस मिळाली समजून आजाऱ्याच्या उशाशी बसतील."

मग डॉक्टर म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर बघा."

मी तिचा हात धरला. "मी सांगते सगळ्यांना. माझ्या हातून झालं."

"तू सांगायचं नाहीस. लोक म्हणतील, सरकारी लस बायकांच्या मटारांत ठेवतात. उद्या एकही माणूस येणार नाही. आणि पॅक हलवून बघणं माझं काम होतं."

ती आत गेली, खुर्च्यांसमोर उभी राहिली. "आज लस देता येणार नाही. पेटी जास्त थंड झाली आणि लस गोठली. चूक माझी आहे. बाराही कुप्या मी परत पाठवतेय."

मग एकच गलका.

"उन्हाळ्यात लशीला हुडहुडी भरली काय हो, सिस्टर?"

"काहीतरी निघालं असणार त्यात. आता लपवतायत."

चष्मेवाला तर रडवेला झाला होता. "तीन आठवडे, सिस्टर! मी सगळ्यांना सांगत फिरलो. आता तोंड कुठे दाखवू?"

कुणीतरी खुर्ची लाथाडली. बारकी खाली मान घालून उभी नव्हती; एकेकाकडे बघत होती, विचारेल त्याला तेच तेवढंच उत्तर देत होती.

तेव्हा हे उठले. एकदा हे उलटले असते तर आख्खं सभागृह उलटलं असतं.

"बारके, पुढची पेटी कधी?"

"माहीत नाही, दादा."

"आली की पहिला नंबर माझा धर." मग मागे वळून म्हणाले, "मी आज घरी चाललोय, पण माझं नाव यादीत आहे. ज्याला खोडायचं त्याने आत्ताच सांगा, सिस्टरला घरोघर हिंडवू नका."

चष्मेवाल्याने नाक शिंकरलं. "माझं राहू द्या."

पोस्टमास्तर लेकीच्या आधाराने उठले आणि बारकीपाशी थांबले. "खराब माल परत पाठवताना पोचपावती घ्या हं," एवढं म्हणून गेले.

नऊ दिवसांनी दुसरी पेटी आली. एकशे वीस डोस, आणि माणसं आली एकशे एक्केचाळीस. पहिला नंबर ह्यांचा होता. पोस्टमास्तर मात्र नव्हते. सातव्या दिवशी ते साथीत गेले होते.

बारकी त्यांच्या घरी जाऊन आली. मी विचारलं, "त्या दिवशी लस मिळाली असती तर?"

"सात दिवसांत लस फारसं करत नाही, वहिनी. पण वाचलेच नसते, हे मी कशी सांगू?" मग म्हणाली, "त्यांच्या लेकीलाही हेच सांगितलं."

चौकशी झाली. निष्काळजीपणाने बारा कुप्या वाया घालवल्याचा शेरा तिच्या सेवापुस्तकात बसला. वर्षअखेरीस सगळ्या केंद्रांतल्या परिचारिकांचा सत्कार झाला, त्यातून तिचं नाव वगळलं. त्या दिवशी ती दुसरा डोस राहिलेल्यांच्या घरी चालत गेली होती. सत्काराला निघालेल्या मैत्रिणीला साडीची पिन मात्र आधी हिनेच लावून दिली. चूक माझी होती असं मी वर पत्र लिहायचं म्हटलं की म्हणायची, "मी आहे तोवर नाही."

हे त्या साथीतून सुखरूप पार पडले आणि दोन वर्षांनी झोपेत गेले. डॉक्टर मोठ्या इस्पितळात नोकरीला गेले. चष्मेवाल्याने दुकान मुलाला दिलं; आता तो फाटकाबाहेर उभा राहून मोतीबिंदूचे आकडे सांगतो. बारकी निवृत्त झाली, चार वर्षं माझ्याजवळ राहिली आणि गेल्या हिवाळ्यात गेली.

महिना उलटल्यावर मी वर पत्र पाठवलं. अजून उत्तर नाही. मग पोस्टमास्तरांच्या लेकीकडे गेले. ती मशीनवर बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: आइसपॅक, घाम, फ्रीझर.

ती ऐकून घेत होती. हातातलं कापड तिने सुईखालून काढलं नाही.

"सिस्टर कुणालातरी पाठीशी घालतायत, हे तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "आम्हा चौघा भावंडांच्या पोरांना त्यांनी टोचलं होतं. त्यांच्या हातून असलं व्हायचं नाही."

"मग विचारलं नाहीस कधी?"

"त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नसणार." तिने पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा, काकू. एवढी एक शिवण उरकते."

मी बसले. मशीन पुन्हा सुरू झालं.