जळकोटच्या सेवा केंद्रातला जुना राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. माझी एक अँटेना चिकटपट्टीनं बांधलेली आहे, पण मी अजून कामावर आहे. राहायला जळकोटला, शारदाताईंच्या घरी.

घराच्या पुढच्या खोलीत शारदाताईंचं सेवा केंद्र आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मला तुळजापुरातून आणलं. गावाचे दाखले, अर्ज, पीकविम्याचे कागद माझ्यातूनच जायचे. मग वेगवान नवा राउटर आला आणि मी बिघडलेल्या चार्जरांसोबत खोक्यात गेलो. दोन वर्षं तिथंच होतो.

तिथून मला तात्यांनी काढलं. तात्या म्हणजे शारदाताईंचे सासरे, टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. मागच्या खोलीत इंटरनेट पोचत नव्हतं. त्यांनी वायर ओढून मला तिथं नेलं आणि पुलाचं काम दिलं. पुढचं जाळं जसंच्या तसं मागं पोचवायचं. नात श्रियाचा अभ्यास सुरू झाला. पुन्हा कुणाच्या उपयोगी पडलो, याचंच मला समाधान.

पण केंद्रातल्या गिऱ्हाइकांनाही तेच वायफाय होतं. एकदा एकाच्या मोबाइलवर मागच्या संगणकातल्या फायली दिसल्या. शारदाताई घाबरल्या. मला काढूनच टाका म्हणाल्या.

"काढायचं न्हाय," तात्या म्हणाले. "दुकानाची गल्ली येगळी करू, घराची येगळी. ह्याला मधल्या दारावर बसवू. घरातनं बाहीर जाता येईल, बाहीरनं आत येता येणार न्हाय."

दुपारभर बसून त्यांनी माझी मांडणी बदलली. आता घरातल्या यंत्रांचे पत्ते वेगळे, दुकानातल्यांचे वेगळे. रोज संध्याकाळी शारदाताई आतल्या संगणकावरून दुकानातल्या कागदांची नक्कल ओढून घेऊ लागल्या.

यंदा उन्हाळ्यात कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. दुकानातल्या संगणकावरची एकही फाइल उघडेना. नेमका त्याच दिवशी गावातल्या बब्रुवानकाकांचा अर्ज पाठवायचा होता, त्यांच्या बायकोच्या, कडूबाईंच्या, ऑपरेशनला मदत मिळावी म्हणून. आदल्या दिवशी स्कॅन केलेले कागद त्याच संगणकात अडकले, आणि मूळ कागद सोलापूरच्या दवाखान्यात. काका खुर्चीच्या कडेला टेकले.

व्हायरस माझ्यापर्यंतही आला होता. मी त्याला आत सोडलं नाही. शारदाताईंनी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर आदल्या संध्याकाळची नक्कल शाबूत. चार वाजता अर्ज गेला.

"लई उपकार झाले, ताई," काका म्हणाले. शारदाताईंनी तात्यांकडं बोट दाखवलं, आणि तात्यांनी माझ्याकडं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा डबा पडलेला असेल. टाकून देण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. वापरात असेल तर त्याचा पासवर्ड सांभाळा, आणि मधूनमधून धूळ पुसा.

परवा कडूबाई स्वतःच्या पायांनी चालत केंद्रात आल्या. तात्यांनी त्यांना आत नेऊन मला दाखवलं. त्यांनी पदराच्या टोकानं माझी पाठ पुसली आणि म्हणाल्या, "एवढंसंच हाय व्हय हे?"