समोरासमोरची पानं

ठिपके उठवणारं यंत्र सकाळपासून गप्प होतं, आणि ते गप्प असलं की त्या छापखान्यात माणसंही हळू आवाजात बोलत. एरवी त्याची खडखड इतकी, की भिंतीपलीकडच्या दवाखान्यातले डॉक्टर भिंत वाजवून 'जरा दमानं' अशी विनंती करत. आज तेच डॉक्टर दारात येऊन विचारून गेले, "सगळं ठीक आहे ना?"

ठीक कुठलं! संगणकाच्या पडद्यावर एकच वाक्य उमटलं होतं, आणि व्यवस्थापक चष्मा पुसून पुसून ते वाचत होते. 'ही आवृत्ती आता वापरता येणार नाही.'

हा छापखाना अंध वाचकांची पुस्तकं छापतो. मजकूर संगणकात घातला की एक प्रोग्राम त्याचं ब्रेल करतो आणि यंत्र जाड कागदावर ते ठिपके उठवतं. छापखाना लहान, पण त्याचं नाव मोठं, आणि ते नाव मिळालं होतं गणिताच्या पुस्तकांनी. रुंद तक्ता ब्रेलच्या एका ओळीत मावत नाही. बहुतेक ठिकाणी तो तोडून तुकडे एकाखाली एक छापतात, आणि आपण कुठल्या ओळीत होतो तेच वाचणाऱ्याच्या बोटाला उमगत नाही. इथे तक्ता समोरासमोरच्या दोन पानांवर मांडत. अर्धा डाव्या पानावर, अर्धा उजव्या, ओळीला ओळ लागून. डाव्या हाताने ओळ धरायची, उजव्याने पुढे वाचत जायचं. फार वर्षांपूर्वी व्यवस्थापकांनीच ही पद्धत सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांना पुढ्यात बसवून समजावली होती, आणि कंपनीने ती आपल्या प्रोग्राममध्ये घातली होती.

त्या कंपनीचं परवानापत्र काचेच्या चौकटीत, दारातून शिरताच दिसेल असं टांगलेलं होतं. कुणी पाहुणा आला की व्यवस्थापक आधी तिथे थांबत. "आपल्याकडे सगळं रीतसर. फुकटचं काही नाही!"

आणि आता शाळा उघडायच्या तोंडावर वरच्या वर्गाचं गणिताचं पुस्तक अडकलं होतं. मुलं वर्गात बसणार, आणि डोळस मुलांच्या हातात पुस्तक असताना यांचे हात रिकामे राहणार!

व्यवस्थापकांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज फार गोड होता. "सर, जुनी आवृत्ती आम्ही मागे घेतली आहे. नव्या आवृत्तीत तुमची भाषा नाही. त्या भाषेचे ग्राहक फारच थोडे आहेत."

"अहो, पण ती तक्त्यांची पद्धत आमची आहे! मी स्वतः शिकवली तुम्हाला!"

"असेल सर. पण ती प्रोग्रामच्या आत आहे, आणि प्रोग्राम कंपनीचा आहे. आपला दिवस शुभ जावो."

व्यवस्थापकांनी फोन ठेवला. "शुभ जावो म्हणे!"

खिडकीजवळच्या लांब टेबलामागे कुणीतरी हसलं. त्या अक्का, व्यवस्थापकांच्या थोरल्या बहीण. त्यांना जन्मापासून दृष्टी नाही. अंध मुलांच्या शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून इथली मुद्रितं त्या बोटांनी तपासत. त्यांच्या बोटाखालून चूक सुटत नाही असं सगळे म्हणत. त्या मात्र म्हणत, "सुटलेली सापडली असती तर सुटली कशाला असती?"

"अक्का, तू हसतेस?"

"मग काय करू? आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलीस, आणि शेजारी बिऱ्हाड हलवून गेला."

संध्याकाळी जेवताना विषय निघालाच. व्यवस्थापकांची सून एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम करायची. पाणी वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, ब्रेलसाठी एक ओपन सोर्स प्रोग्राम आहे. म्हणजे त्याच्या आतलं सगळं उघडं असतं. कुणीही वाचावं, सुधारावं, वापरावं. आपल्या भाषेचं कामही कुणीकुणी त्यात केलेलं आहे."

"म्हणजे बेवारशी!"

"उलट, वारस पुष्कळ आहेत त्याला."

"आणि उद्या बंद पडला तर कॉलर कुणाची धरायची?"

अक्कांनी ताटावरची मान वर केली. "आज ज्याने बंद पाडला त्याची धरलीस का? मला तर वाटलं, शुभेच्छा घेऊन फोन ठेवलास."

सूनबाईने ओठ दाबून हसू आवरलं. व्यवस्थापक तिच्याकडेच वळले. "तू हसू नकोस. तुमची कंपनी सॉफ्टवेअर विकतेच ना? सगळ्यांनी फुकट वाटलं तर घरं कशी चालायची?"

"विकण्यात पाप नाही, बाबा. मी मान वर करून पगार घेते. ओपन सोर्सवालेही दुरुस्तीचे, शिकवण्याचे पैसे घेतात. पण ज्याच्यावर मुलांचं शिक्षण अवलंबून आहे, ते आतून कसं चालतं हे आपल्याला बघताही येऊ नये? देणाऱ्याने हात काढून घेतला की आपण नुसते हात चोळत बसायचं? हे नाही पटत मला."

व्यवस्थापकांनी हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सूनबाई रजा काढून छापखान्यात आली, तेव्हा त्यांनी तिला अडवलंही नाही.

नव्या प्रोग्राममधून साधा मजकूर सुरेख उतरला. अक्कांची बोटं ओळीवरून सरसर गेली. मग आला तक्ता, आणि बोटं थांबली. "हा तक्ता आहे की सांडलेले मणी?"

"बघा!" व्यवस्थापक जिंकल्यासारखे म्हणाले. "फुकटचं ते फुकटचंच."

"अरे, बिघडलेलं आहे हे खरं. पण हे आपल्याला उघडून नीट करता येतं. तुझ्या त्या काचेतल्या कागदावर असं काही लिहिलंय का?"

कामाला सुरुवात झाली. अक्का सांगायच्या, सूनबाई लिहायची, यंत्र सुटा कागद बाहेर टाकायचं. अक्का तो टेबलावर दुसऱ्या कागदाला भिडवून वाचायच्या.

"उजवी ओळ खाली घसरली."

"परत करते, आत्या."

"आता डावीकडचं पहिलं घर गिळलं गेलं. भूक लागली वाटतं याला."

"परत."

व्यवस्थापक आधी दारातून बघत. मग खुर्ची ओढून जवळ बसू लागले. मग स्वतःच कागद भिडवून द्यायला लागले. आणि एका दुपारी अक्कांचा डावा हात एका ओळीवर स्थिर राहिला, उजवा हात अलगद निघाला आणि पलीकडच्या कागदाच्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता गेला.

"लागली!" अक्का ओरडल्या. "ओळीला ओळ लागली!"

यंत्र खडखडायला लागलं. भिंतीपलीकडून डॉक्टरांनीही भिंत वाजवली. या वेळी ती टाळी होती.

पुस्तकाचा पहिला खंड छापून झाला. व्यवस्थापकांच्या चालण्यातच फरक पडला. ते सूनबाईला म्हणाले, "शाब्बास! आता एक कर. या तक्त्यांच्या सोयीला कुलूप लाव. ही आपल्याच छापखान्यात राहू दे."

सूनबाईचा चेहरा उतरला. "आपल्यापुरतं वापरलं तर कुणी जाब विचारणार नाही, बाबा. पण ज्यांनी आपल्यासाठी हा प्रोग्राम उघडा ठेवला..."

"त्यांचे आभार मानू की!"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या शहरातल्या ब्रेल छापखान्याचे व्यवस्थापक होते. या दोघांचं वैर म्हणावं असं काही नव्हतं, पण प्रदर्शनात एकमेकांच्या टेबलावरून जाताना दोघांनाही नेमकं छत बघावंसं वाटायचं. "तुमचं यंत्र सुरू झालं असं कळलं. आमचं अजून बंदच आहे हो. तक्त्यांचं कसं केलंत?"

"जमवलं कसंतरी," व्यवस्थापक म्हणाले, आणि काम आहे सांगून त्यांनी फोन ठेवला.

अक्कांनी हातातला कागद खाली ठेवला. "कसंतरी? एवढं सुंदर काम, आणि कसंतरी?"

"अक्का, घाम आपण गाळलाय. त्यांनी आयतं का घ्यावं?"

"आणि बाकीचा अख्खा प्रोग्राम आपण आयता घेतला, तो कुणाच्या घामाचा?"

"ते वेगळं. ही पद्धत आपली आहे."

"आपली?" अक्कांचा आवाज मऊ झाला. "माझ्या वर्गात एक मुलगी होती. चिडकी. तक्ता आला की पुस्तक आपटायची. एकदा तिने पानंच उचकटली, बाकावर शेजारी शेजारी ठेवली, डाव्या हाताने ओळ धरली आणि मला म्हणाली, 'बाई, असं छापायला यांना काय होतं?' मी तिला पुस्तक फाडलं म्हणून बाकावर उभं केलं, आणि घरी येऊन ती गोष्ट तुला सांगितली. तू तसं छापलंस. ते मोठंच काम झालं, त्याचा मला अभिमान आहे. पण तिने कुलूप लावलं असतं तर? तू पद्धत कंपनीला दिलीस, कंपनीने कुलूप लावलं, तेव्हा तू फोनवर केवढ्याने ओरडलास! आता तो पलीकडचा माणूस फोन ठेवून काय म्हणत असेल? देवाने बुद्धी दिली ती पुढे जावी म्हणून दिली रे. वाटेत अडवून धरायला नाही."

व्यवस्थापक उठून दाराकडे गेले. समोर ती चौकट होती. काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता, आणि कंपनीचा शिक्का बरोबर त्यांच्या कपाळावर आला होता.

अरे देवा! ज्याच्या नावाने आपण बोटं मोडत होतो, त्याचंच काम आपण हौसेने करायला निघालो होतो!

ते परत आले आणि त्यांनी स्वतः फोन फिरवला. "अहो, मघाशी माझं बोलणं अर्धंच राहिलं. आमची सूनबाई सगळं पाठवतेय. सगळ्यांसाठी उघडा असलेल्या त्या प्रोग्राममध्येच घालतेय ते. घ्या, वापरा, आणि कळवा."

कळवा, हे ते रीत म्हणून बोलले होते. पण पलीकडून खरंच कळवलं गेलं!

दुसरा खंड छपाईला लागणार, त्याच सकाळी फोन आला. "रागावू नका हं. तुमच्या तक्त्यात चूक आहे."

व्यवस्थापकांचे कान लाल झाले. "आमच्या अक्कांच्या बोटांखालून गेलंय ते!"

"गेलं असेल. पण आमच्या एका वाचकाने बांधलेलं पुस्तक घेऊन वाचलं. तक्ता उजव्या पानावर सुरू झाला, तर त्याचा दुसरा अर्धा भाग त्याच कागदाच्या पाठीवर जातो. मग पानं समोरासमोर येणार कशी?"

व्यवस्थापकांनी हे अक्कांना सांगितलं. अक्कांनी टेबलावरचे दोन सुटे कागद चाचपले आणि कपाळावर हात मारून त्या खळखळून हसल्या. "अरे, मी मुद्रितं सुटीच वाचते, एकाच बाजूला छापलेली! दोन कागद शेजारी ठेवते आणि वाचते. माझ्या टेबलावर सगळीच पानं समोरासमोर! पुस्तक बांधून कोण वाचतंय इथे?"

पहिल्या खंडात तक्ते मोजकेच होते आणि दैवाने ते सगळे डाव्या पानावर पडले होते. दुसरा खंड मात्र तक्त्यांनी भरलेला होता.

"पण मग जुन्या प्रोग्राममध्ये असं कधी का झालं नाही?" व्यवस्थापकांनी विचारलं.

सूनबाई म्हणाली, "तो बहुधा आतल्या आत एक पान कोरं सोडत असणार, म्हणजे तक्ता डावीकडेच सुरू होईल. आत काय चालतं ते आपल्याला कधी दिसलंच नाही, म्हणून आपण विचारलंही नाही." तिने पडद्यावर बघितलं आणि तिचे डोळे चमकले. "बाबा, त्यांनी नुसती चूक नाही दाखवली. दुरुस्तीही करून पाठवलीय!"

व्यवस्थापक खुर्चीत बसले. कुलूप लावलं असतं, तर ही चूकही त्याच कुलपात राहिली असती. आणि बाहेर आली असती ती थेट मुलांच्या बोटांखाली, परीक्षेच्या अभ्यासात!

शाळा उघडली त्या दिवशी पुस्तक प्रत्येक मुलाच्या बाकावर होतं. त्या वर्षीच्या प्रदर्शनात दोन्ही छापखान्यांनी आपली टेबलं जोडून लावली. 'हे सॉफ्टवेअर कुणाचं?' असं कुणी विचारलं, की व्यवस्थापक आपल्या छापखान्याआधी पलीकडच्या छापखान्याचं नाव घेत, मग सूनबाईचं, अक्कांचं, आणि शेवटी म्हणत, "आणि पुस्तक फाडणाऱ्या एका हुशार मुलीचं." सांगताना त्यांची छाती पूर्वीपेक्षा जास्तच फुगे!

वाचकहो, कुणी आपलं काम विकून पोट भरतो, त्यात कमीपणा नाही. पण जे ज्ञान आपल्याला चार हातांनी दिलं, ते आपल्या हातात येताच मुठीत बंद करणं शोभत नाही. बंद मुठीत ते वाढत नाही, आणि त्यातल्या चुकाही दुरुस्त होत नाहीत. आपल्या घरात, कचेरीत, शाळेत असं काय आपण कुलपात ठेवलं आहे, हे ज्याने त्याने एकदा पाहावं. उघडं ठेवल्याने आपलं नाव पुसलं जात नाही. ते जास्त जणांच्या तोंडी जातं.

त्या छापखान्यात शिरताच चौकट अजूनही दिसते. आत आता परवानापत्र नाही. समोरासमोरच्या दोन पानांवरचा एक तक्ता आहे. परवा एक पाहुणे म्हणाले, "काच फुटली वाटतं?"

"काढली," व्यवस्थापक म्हणाले. "काच ठेवली तर आमचे वाचक वाचतील कसे?"